एका रात्रीची मुभा

इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक हार्लन आपलं मोटारघर ओहायोपासून ॲरिझोनापर्यंत अठ्ठावीस दिवस मुद्दाम हळू हाकत आला. हा प्रवास संपूच नये, असं त्याला वाटत होतं. पण त्याच्या बायकोला, विल्माला, मोठ्या ओट्याचं, न हलणारं घर हवं होतं, म्हणून तो गप्प होता. निवृत्तांच्या त्या टापटीप वसाहतीत, नव्या घराच्या दारातच, रहिवासी समितीच्या बाईंनी स्वागत म्हणून त्यांच्या हाती बत्तीस पानी नियमावली ठेवली. हार्लनने जन्मभर साम्राज्यांचे फतवे वाचले होते. दाराच्या रंगापासून पाहुण्याच्या कुत्र्याच्या वजनापर्यंत इतक्या बारकाईने राज्य करणारा सम्राट मात्र त्याला कधी भेटला नव्हता.

"आणि ही तुमची गाडी," बाई गोड हसल्या, "एका रात्रीपेक्षा जास्त इथं उभी करता येणार नाही हं."

"आणि घर?" विल्माने विचारलं.

"अहो, घर काय, राहील की कायमचं!"

"मग झालं तर." विल्मा पुन्हा गाडीत चढून बसली. "बघत काय राहिलात, प्रोफेसरसाहेब? घराला परवानगी आहे, राहू दे बापडं. आपण निघू."