हुंगलेली जास्वंद

मधमाश्या नाहीशा झाल्यानंतरचीच ही गोष्ट. पूजेची फुलं तोडताना मालिनीताईंना जास्वंदीतून जावळाचा वास आला, तान्हेपणीच गेलेल्या त्यांच्या बाळाच्या. जास्वंदीला कुठला आलाय वास? तरी त्या वाकल्याच. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून दुसऱ्या झाडाकडे वळल्या. तिथेही तोच वास.

परडी रिकामीच राहिली, आणि पुढचे कित्येक दिवसही.

"आई, आजही देव बिनफुलांचे? लग्नापासूनचा नेम ना तुमचा?" सून गौतमी म्हणाली. "आणि नाक बघा, परागांनी पिवळं झालंय!"

"तुझंही झालंय गं."

गौतमी ओशाळली. "मला माझ्या आईच्या पदराचा वास येतो."

अंगणात हुंगलेल्या फुलांच्या जागी बोंडं धरली होती. उरलेली फुलं दाराकडे तोंड करून उमलली होती.

मालिनीताईंनी परडी खाली ठेवली आणि त्या पुन्हा बाहेर गेल्या.