दीपमालाची माफी

"सर, पोरगी चुकली. पोटात घाला," असं म्हणत जोतीराम पाया पडायला वाकला.

मधुकर सरांनी घाईने त्याचे खांदे धरले. "अहो, असं काय करता! बसा बघू."

जोतीराम सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. शिरवळच्या कारखान्यात पाळ्या करून त्याने लेकीला सांगलीला शिकवलं होतं. त्या लेकीमुळेच आज विश्रामबागेतल्या या बंगल्यात त्याला मान वर करवत नव्हती. दीपमाला त्याच्यामागे उभीच राहिली.

प्रकरण गावभर झालं होतं. दूरसंचार आणि माध्यमांच्या कायद्यात मधुकर सरांचं नाव मोठं. वाईच्या शाळेतला हा मुलगा दिल्लीच्या समित्यांवर गेला, यंत्राने बनवलेल्या खोट्या आवाजांवर नियम कसे असावेत ते सांगू लागला. आणि त्यांच्याच विद्यार्थिनीने त्यांच्या आवाजाची क्लिप फिरवावी! 'तुमच्या लोकांनी पीएचडीच्या नादी लागू नये. सवलतीत मिळालं तेवढ्यावर समाधान मानावं,' असं सर तिच्यात बोलत होते. गुरूची विद्या गुरूलाच, असं लोक म्हणाले. क्लिप बनावट आहे, एवढंच सरांनी कॉलेजच्या समितीला सांगितलं. समितीला ते लगेच पटलं. यातलं सरांपेक्षा जास्त कळतं कुणाला?

आता सर पोलिसात गेले तर दीपमालाची पीएचडी संपलीच, पुढे नोकरीलाही कुणी उभं करणार नव्हतं. म्हणून बापलेक आले होते.

"आवं सर, आमच्या घरातलं कुणी चौकीची पायरी चढलं न्हाई. लय लाज वाटती," जोतीराम म्हणाला. मग लेकीकडे वळला. "बोल की गं."

"माफ करा, सर," दीपमाला म्हणाली.

"आन् काय केलंस ते कोण सांगणार?"

"राहू द्या हो," सर मध्येच म्हणाले. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "मी तक्रार करत नाही. फक्त तिने दुसरा मार्गदर्शक बघावा."

जोतीरामचे डोळे भरून आले. "लय मोठ्या मनाचं हायसा, सर." दारातून बाहेर पडताना तो लेकीला म्हणाला, "माणूस बघ, माणूस!"

दीपमाला मागे न बघता पायऱ्या उतरली.

सरांनी दार लावून घेतलं. त्यांच्या पत्नी उमाताई मघापासून जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांना साधं 'या'सुद्धा म्हटलं नव्हतं.

"बिचारा बाप," सर म्हणाले. "हल्लीच्या पोरांचं काही खरं नाही. हुबेहूब आवाज काढतात, तूसुद्धा फसली असतीस."

"मला त्याच्याकडे बघवलं नाही. शरमेने मेले मी."

"तू कशाला शरमायचं?"

उमाताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुम्ही तिला ते बोलत होता, तेव्हा मी चहा घेऊन दाराशीच उभी होते."