अडतीस मतं, सहा मिनिटं

"कुठलं बटण दाबायचं, ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" विश्वजीतने विचारलं.

"हो तं. सांगितलं ना," मैना म्हणाली.

सकाळी पनवेल स्टेशनवरून विश्वजीतला रिक्षात बसवल्यापासून अनुया मनात एकच धावा करत होती, की या प्रश्नाला बायकांनी फक्त 'नाही' म्हणावं. आधी शिकवून ठेवता आलं असतं, पण त्याला तिची जीभ रेटली नव्हती.

विश्वजीत अनुदान देणाऱ्या संस्थेकडून पाहणीला आला होता. खाडीकाठच्या या कोळीवाड्यात अनुयाची छोटीशी संस्था एक ॲप चालवत होती. ग्रामपंचायतीच्या निधीतून आधी कुठलं काम व्हावं, ते गावाने मोबाइलवर मत देऊन सांगायचं. मागच्या महिन्यात बायकांनी मतं दिली. अडतीस बायका, सहा मिनिटं, आणि अडतीसच्या अडतीस मतं धक्क्याच्या पायऱ्यांना. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या संगणकाने लगेच लाल खूण केली: मतं बनावट असण्याची शक्यता. ती खूण निघाली नाही तर पुढच्या वर्षीचं अनुदान बंद. मग ॲपही बंद आणि सुकापूरचं एका खोलीतलं ऑफिसही. त्या खोलीसाठी अनुयाने बऱ्यापैकी नोकरी सोडली होती, आणि आपली मुलगी नक्की करते काय, हे तिच्या आईला अजून शेजारणींना सांगता येत नव्हतं.

"कुणी सांगितलं?"

"हौसानं." मैनाने जाळ्याला टेकून बसलेल्या म्हातारीकडे बोट केलं. "पन त्याच्या आदी वेणू येगलंच बोलत होती. मंग चंद्रावती तिच्यावर वराडली. दुपारभर नुसती भांडनं."

"आणि मग सगळ्यांनी एकदमच बटणं दाबलीत?"

"मंग काय करनार? चारला भरतीबरोबर होड्या लागल्या. मासली उतरायची का मोबाइल खेलत बसायचं?"

विश्वजीतला हसू आलं. माणूस वाईट नव्हता. लाल खूण पाहून नकाराचं पत्र पाठवणारे पुष्कळ असतात, हा तिकीट काढून स्वतः आला होता. त्याने हातातला टॅब अनुयाकडे वळवला. प्रश्न होता, 'प्रत्येकीने स्वतंत्रपणे मत दिले का?' खाली दोनच चौकोन होते, होय आणि नाही. दुपारभर भांडल्याचा चौकोन नव्हता.

"मला पटतंय हो," तो म्हणाला. "पण इथे 'होय' कसं लिहू?" थोडा वेळ त्याने हनुवटी खाजवली. "एक करता येईल. आज पुन्हा मतं घेऊ. प्रत्येकीने आपापल्या घरी जायचं, एकटीने ठरवायचं, एकटीने दाबायचं. उत्तर तेच आलं तरी चालेल. मी स्वतः इथे आहे, मी सही करतो."

अनुयाला त्याच्या पायाच पडावंसं वाटलं.

"मैनाताई, दहा मिनिटांचं काम आहे. प्लीज!"

पलीकडे आपल्या दारात वेणू जवळा निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "घरी एकटी बसून दाबायचं असंल तं मी गटार दाबीन."

"गटार?"

"माज्या दारातलं. पावसात पानी चुलीपत्तुर येतं. धक्क्याच्या पायऱ्यांचं मना काय? मी घरीच मासली सुकवते, धक्क्यावर जातच नाय."

"मग त्या दिवशी पायऱ्यांना का मत दिलंत?" विश्वजीतने विचारलं.

"हौसानं लुगडं वर करून ढोपर दावलं ना. वहोटीला पाटी घेऊन उतरताना पडली, तं अजून वाकत नाय. ते बगितल्यावर मी गटार दाबू?"

विश्वजीतने टॅब खाली घेतला. अनुदानाच्या अर्जात अनुयाने 'सहभाग' हा शब्द चौदा वेळा लिहिला होता, आणि त्यात एकदाही ढोपर आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी अनुदान तिला हवंच होतं, खोटं कशाला बोला?

"मैनाताई," ती म्हणाली, "आज हे नाही झालं तर ॲप बंद होईल. मग मलाही इथे येता येणार नाही."

मैनाने तिच्याकडे पाहिलं. या पोरीवर तिचा जीव होता. तिने हात पदराला पुसले.

"थांब. बायांना इचारून सांगते."

"अहो, तेच तर नको आहे!" विश्वजीत म्हणाला. "प्रत्येकीने स्वतःचं स्वतः..."

पण मैनाने हाक मारली होती. घराघरांतून बायका आल्या, कुणी कोयता धुऊन, कुणी पोर काखेत घेऊन, आणि धक्क्यासमोर फतकल मारून बसल्या. घरी जाऊन एकटीने मत द्यायचं का, हे आता सगळ्या मिळून ठरवणार होत्या. चंद्रावतीने पहिल्याच वाक्याला आवाज चढवला. वेणू तिच्यावर उलटली. मागून कुणीतरी म्हणालं, पोरीचं काम जाईल, तिचा पन इचार करा. त्यावर आणखी दोघी बोलू लागल्या.

विश्वजीत टॅब हातात घेऊन उभाच होता. हौसाने बसल्या जागेवरून मासळीचा एक रिकामा क्रेट उपडा केला आणि त्याच्याकडे ढकलला.

"बसा सायेब," ती म्हणाली. "तुमाला मत नाय. पन ऐकायला बसलात तं चालंल."