मऊ टोकाचं काडतूस

रुफिजी नदीकाठच्या ज्वारीत सिंहीण वीस पावलांवर बसली होती. पंज्यांखाली सिवेमाच्या पिवळ्या वस्त्राचा काठ दिसत होता. सिवेमा वनरक्षक सालेहेची बायको. पहाटे पाखरं हाकायला आली, ती परतलीच नाही. सालेहेनं काडतुसं चाचपली. हत्तींसाठीची टणक चार होती. मऊ टोकाचं एकच, तेही गंजलेलं. त्यानं तेच बंदुकीत भरलं. “वेडा झालास?” माग काढणारा म्हातारा कुजबुजला. “ते उडालं नाही तर ती तुलाही फाडेल.” “टणक गोळी आरपार जाते, काका. खाली सिवेमा आहे.” “ती गेली रे, पोरा.” “ठाऊक आहे. पण तिला आणखी लागायला नको.” बार उडाला. सिंहीण जागीच कोसळली. सालेहेनं बंदूक खाली ठेवली. “तुम्हीच बघा, काका.” म्हाताऱ्यानं धूड सारून निरखून पाहिलं. “नाही लागली तिला.” “बरं झालं,” सालेहे म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.