आपला एनॉक येतोय
बेसबॉलपटू एनॉक ट्रास्क अकरा हंगाम केलरटन गावाकडून खेळला होता. यंदा ‘तुझे पाय थकले’ म्हणत त्याला काढलं आणि आज अजिंक्यपदाच्या सामन्यात तो त्याच मैदानावर पाहुण्या संघाकडून उभा होता. पाहुणे एका धावेने पुढे होते, पण केलरटनचा एक गडी बेसवर होता. केलरटनच्या शेवटच्या फलंदाजाने चेंडू उंच टोलवला. तो दोरीपलीकडच्या गर्दीत पडला, तर दोन धावा होऊन गाव जिंकणार होतं; हवेतच झेलला, तर दोरीपलीकडेही फलंदाज बादच. एनॉक जीव तोडून मागे धावला. गर्दीच्या माना वर होत्या, कोणी हलेना आणि आज वाट मागायची त्याला सोय नव्हती. “सरका रे, आपला एनॉक येतोय,” त्याला इतकी वर्षं जेवू घालणारी बर्था सवयीने ओरडली. लोक सवयीनेच हटले. दोरीवरून झेपावत त्याने झेल घेतला. फलंदाज बाद, गाव हरलं. बर्थाने त्याला दंडाला धरून उठवलं. “पळ आता,” ती पुटपुटली, “यांना कळायच्या आत.”