आईचा पहिला उखाणा

“उखाणा घेतल्याशिवाय नवरीला हळद लावायची नाही!” म्हणत आत्यानं वाटी आईला वगळून काकूंकडे सरकवली.

पाटावर बसलेल्या नवरीला ते लागलं. बाबांना जाऊन आठच महिने झाले होते. ते मराठीचे मास्तर. गल्लीतल्या बायकांना उखाणे रचून देत. “ओळी दोनच. पहिलीत घरातली वस्तू, दुसरीत नाव आणि यमक. सोप्पं!” म्हणायचे. आईला मात्र कधीच जमलं नाही. तीही त्यांचेच पाठ करायची.

“आत्या, आई राहिली.”

“अगं, आता वहिनी कशी नाव घेणार?”

आईनं पदर सावरला.

“चष्मा त्यांचा पुसते रोज, काच असते लख्ख,
दिगंबररावांचं नाव घ्यायचा माझाच आहे हक्क.”

आत्यानं डोळे टिपले.

“दादानं लिहून ठेवला होता?”

“नाही, वन्सं. हा माझा.”

आत्यानं वाटी तिच्या हातात ठेवली. “लावा मग. भरपूर लावा.”