पहिली कोंबडीगणती

सरकारने कोंबड्या पहिल्यांदाच मोजायला काढल्या आणि आता कर बसणार अशी हूल उठली. मोजणीदार दारोदार फिरला, पण जिथे तिथे रिकामं खुराडं आणि एकच उत्तर, "छे हो साहेब, आमच्याकडे कुठली कोंबडी!"

शून्य आकडा पाठवला तर नोकरी जाईल, या धास्तीने तो घरी आला, तर ओसरीवर, पलंगाखाली, त्याच्या आरामखुर्चीतसुद्धा कोंबड्याच कोंबड्या.

"शेजारणी ठेवून गेल्यात," बायको म्हणाली. "मोजणारा स्वतःचं घर कशाला मोजेल, म्हणाल्या."

"पण मी मोजणार!"

"मोजा की. फक्त खुर्चीतलीला उठवू नका, अंड्यांवर बसलीय."

जिथे सापडेल त्या घरी लिहायची, असा नियम होता. त्याने सगळ्या स्वतःच्या नावावर लिहिल्या. कराच्या भीतीने महिनाभर कोणी न्यायला फिरकलं नाही. मग सरकारी हुकूम आला: कर नाही, उलट दर कोंबडीमागे पोतंभर दाणे फुकट.

तासाभरात साऱ्या शेजारणी टोपल्या घेऊन हजर. "वहिनी, आमच्या कोंबड्या?"



बायको दारात आडवी उभी राहिली. "छे हो, तुमच्याकडे कुठली कोंबडी!"